सर्फस्कीला फॉइल लावल्यावर नाळ उसळते आणि होडी आदळते: कारण आणि उपाय

सर्फस्की म्हणजे समुद्रात बसून वल्हवायची लांब, निमुळती, उघड्या आसनाची होडी. फॉइल म्हणजे तळाखाली उभा खांब, त्याच्या टोकाला आडवा दांडा आणि दांड्यावर होडीला वर उचलणारा पाण्याखालचा पंख. वारा पाठीशी घेऊन सर्फस्की चालवणाऱ्याने तळाला फॉइल बसवले की लाटांचे पहिले दोन-तीन उतार सुरेख जातात. होडी हलकी वाटू लागते, तळाखालची सळसळ मंदावते, आणि मग एका चांगल्या लाटेवर वेग वाढत असतानाच नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आपोआप वर उचलली जाते. क्षणभर सगळा आवाज थांबतो आणि दुसऱ्याच क्षणी होडी खाडकन पाण्यावर आदळते. सुकाणू हातचे गेलेले असते, होडी आडवी वळू लागते, आणि वल्ह्याचा टेकू देऊन ती सावरेपर्यंत लाट पुढे निघून गेलेली असते. पुन्हा वेग घ्यावा, पुन्हा तेच. माझ्या घड्याळातील वेगाचा आलेख काढून पाहिला तेव्हा तो करवतीच्या दात्यांसारखा दिसला: ताशी २१ किलोमीटरपर्यंत चढ आणि तिथून सरळ ९ पर्यंत घसरण, तासाभरात तीस-चाळीस वेळा.

या दुखण्यावर बहुतेक जण फॉइल बदलून पाहतात. कोणी मोठे घेतो, कोणी लहान, कोणी खांब लांब करतो. मीही एक उन्हाळा त्यातच घालवला. माझे अनुभवाअंती झालेले मत असे आहे की दोष बहुतेक वेळा फॉइलच्या आकारात नसतो. तो फॉइल होडीच्या लांबीवर नेमके कुठे बसवले आहे यात आणि किती कोनात बसवले आहे यात असतो, आणि या दोन्ही गोष्टी घरच्या अंगणात मोजता येतात.

मी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ येथे राहतो. इथे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दुपारी नैर्ऋत्येकडून खारा वारा सुटतो. शहराला उन्हापासून उतार देतो म्हणून लोक त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. लेटनच्या किनाऱ्यावरून उत्तरेला स्कारबरोकडे निघाले की हा वारा पाठीमागून आणि थोडा डावीकडून मिळतो. बाहेरचे खडक आणि रॉटनेस्ट बेट यांमुळे मोठी लाट बरीचशी मोडते, आणि वाऱ्याने उठवलेल्या आखूड, उभ्या लाटा उरतात. दोन माथ्यांमधले अंतर चार सेकंदांच्या आसपास असते. पुढची सगळी गणिते अशा लाटांची आहेत. लांब लाटांवर हे दुखणे इतके तीव्र नसते.

आधी दुखणे नेमके कोणते ते ओळखावे

होडी आदळण्याची कारणे एकाहून अधिक असू शकतात आणि उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून खूण नीट पाहिली पाहिजे.

वेग हळूहळू मरत जात असेल, होडी एका बाजूला ओढत असेल आणि उचल मुळातच कमी वाटत असेल, तर पंखावर किंवा खांबावर समुद्री गवत अडकले आहे असे समजावे. इथल्या किनाऱ्याला हे गवत विपुल आहे, आणि हाताच्या बोटाएवढी एक पात पुढच्या पंखाच्या कडेवर आडवी बसली तरी उचल बरीच घटते. होडी थांबवून दोन वल्ही मागे मारली की ते सुटते. कोकणात हाच प्रकार जाळ्यांच्या दोऱ्यांमुळे आणि प्लास्टिकमुळे होईल. तिथे डोलीच्या किंवा मांडलेल्या जाळ्यांच्या पट्ट्यात फॉइल घेऊन जाणे मला मुळातच धोक्याचे वाटते, कारण होडीचा तळ जाळ्यावरून घसरून जातो, पण पाऊण मीटर खोल गेलेला आडवा पंख जाळ्यात अडकतोच.

दुसरी खूण खडखडीची. पायाखाली बारीक खडखड जाणवत असेल आणि वळताना होडी उशिरा प्रतिसाद देत असेल, तर बोल्ट ढिले आहेत. ते घट्ट करावेत आणि मगच पुढचे निदान करावे. विशिष्ट वेगाला गुणगुण ऐकू येते ती पंखाच्या मागच्या कडेच्या कंपनाची असते. तिने कान किटतात, पण होडी आदळत नाही.

तिसरी खूण आपल्या विषयाची. आदळणे केवळ चांगल्या वेगाला होते, संथ पाण्यात कधीच होत नाही. आधी नाळ उठते, मग सबंध होडी उठते, आणि पडताना मागचे टोक शेवटी पडते. हे तिन्ही जुळले तर पुढे वाचावे.

वेग दीडपट, उचल दुपटीहून अधिक

मी, होडी, फॉइल, वल्हे, लाइफ जॅकेट आणि भिजलेले कपडे असे सगळे मिळून वजन १०० किलो धरू, म्हणजे सुमारे ९८० न्यूटन. खाऱ्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलो. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सगळा घोळ या वर्गात आहे. माझा पहिला पंख १२०० चौरस सेंटिमीटरचा होता आणि तो अशा कोनात बसला होता की ताशी १४.४ किलोमीटर वेगाला तो निम्मे वजन उचलत असे. निम्मे वजन उचलणे हे मला उत्तम वाटत होते, कारण होडी पाण्याला टेकलेली राहते आणि घर्षण घटते. परंतु तोच पंख, तोच कोन, आणि वेग १४.४ ऐवजी २०.४ झाला की उचल दुप्पट होते, म्हणजे सगळेच वजन पंखावर येते आणि होडी पाणी सोडते. वारा पाठीशी असताना लाटेच्या उतारावर २० चा वेग ही रोजचीच गोष्ट आहे. तेव्हा ‘निम्मी उचल’ म्हणून बसवलेले फॉइल प्रत्यक्षात दर चांगल्या लाटेवर होडी पूर्ण उडवत होते, आणि तेही ज्या क्षणी सावरायला सर्वांत कमी वेळ असतो त्या क्षणी.

होडी पूर्ण उडणे वाईट का, असा प्रश्न कोणी विचारील. नॉर्वेच्या एइनार रासमुसेन आणि पेटर रिबे यांनी ‘फ्लायाक’ नावाची उडणारी कयाक केली, तेव्हा ती संथ पाण्यावर पूर्ण वर उचलली गेली आणि पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. पण खवळलेल्या पाण्यात तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. एक म्हणजे सर्फस्कीचे सुकाणू जेमतेम २० ते २३ सेंटिमीटर खोल असते. होडी तितकी वर गेली की सुकाणू हवेत जाते आणि पायांखालचे पेडल निरुपयोगी होते. दुसरे म्हणजे बसून वल्हवणाऱ्याचे वल्हे २१० सेंटिमीटरच्या आसपास असते. आसन ३०-४० सेंटिमीटर उचलले गेल्यावर पाते पाण्यात पुरेसे बुडत नाही, आणि टेकू द्यायची वेळ येते तेव्हाच ते हवेत फिरते. तिसरी अडचण हवेची. होडीचा तळ पाण्याला टेकलेला असेपर्यंत तो खांबाभोवती झाकणासारखा राहतो. तळ सुटला की लाटेच्या माथ्यावर हवा खांबाच्या बाजूने खाली उतरते, पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर पसरते आणि उचल एका क्षणात नाहीशी होते. खाडकन आदळणे ते हेच.

मॉथ नावाच्या, फॉइलवर उडणाऱ्या शिडाच्या छोट्या होड्यांनी हा प्रश्न फार सुंदर रीतीने सोडवला आहे. पर्थच्याच जॉन आयलेट यांनी घडवलेल्या मॉथमध्ये नाळेजवळ एक लवचिक काठी पाण्यावर घसरत राहते. होडी वर गेली की काठीची हालचाल तारेने मुख्य पंखाच्या झडपेपर्यंत पोहोचते आणि उचल कमी होते. सर्फस्कीला अशी यंत्रणा नाही. फॉइल लावलेल्या फळीवर उभा राहून लाटा घेणारा माणूस ते काम पायांनी करतो, कारण वजन एका पावलावरून दुसऱ्यावर नेले की पंखाचा कोन बदलतो. आपण मात्र ठरावीक खोबणीत बसलेले असतो आणि पाय पेडलवर रोवलेले असतात. पुढे वाकून किंवा मागे रेलून वजनाचा मध्य फार तर तीन-चार सेंटिमीटर हलवता येतो. म्हणून जे काम मॉथची काठी करते आणि फळीवाल्याचे पाय करतात, ते आपल्याकडे बसवणीच्या मापानेच झाले पाहिजे.

नाळच का उठते

फॉइल बसवणाऱ्याला जागा शोधावी लागते. सर्फस्कीचे आसन इतके खोल असते की बसणाऱ्याच्या खाली तळ आणि वरचा पत्रा यांत तीन-चार सेंटिमीटरही अंतर उरत नाही. तिथे जाड ठोकळा बसत नाही. मांड्यांखाली जो उंचवटा असतो तिथे मात्र भरपूर जागा मिळते, मजबुती मिळते, आणि हातही पोहोचतो. म्हणून बहुतेक जण खांबाची पट्टी तिथे बसवतात, मीही तसेच केले होते. शिवाय आखूड लाटांत नाळ पुढच्या लाटेत घुसते हा सर्फस्कीवाल्यांचा जुना त्रास आहे, त्यामुळे फॉइल थोडे पुढे असले तर नाळ उचलून धरील असेही मनात येते.

यात एक गोष्ट सुटते. पुढचा पंख खांबाच्या खाली नसतो, तो आडव्या दांड्यावर खांबाच्या १५ ते २५ सेंटिमीटर पुढे असतो. मी मोजले तेव्हा माझ्या पंखाची उचल जिथे लागू होते ती रेषा माझ्या एकूण वजनाच्या मध्याच्या १४ सेंटिमीटर पुढे निघाली. पूर्ण वेगाला याचा अर्थ असा होता की नाळेकडे अडीच मीटरवर उभे राहून कोणीतरी सहा किलोच्या जोराने होडी वर ओढत आहे. नाळ वर गेली की पंखाचा कोन वाढतो, कोन वाढला की उचल वाढते, उचल वाढली की नाळ आणखी वर जाते. या चक्राला आतून थांबवणारे काही नाही; हवा शिरून उचल मरते तेव्हाच ते थांबते.

याच्या उलट, उचलीची रेषा वजनाच्या मध्याच्या किंचित मागे असेल तर उचल वाढल्याबरोबर मागची बाजू वर जाते, नाळ खाली येते, कोन कमी होतो आणि उचल आपोआप आटोक्यात राहते. विमानाच्या रचनेत हा नियम फार जुना आहे: वजनाचा मध्य पुढे, उचलीचा मध्य मागे. या लिखाणातील एकच वाक्य ध्यानात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

आखूड लाटांत याला आणखी एक कारण मिळते. लाटेच्या पुढच्या उतारावर पाणी वर चढत असते. एक मीटर उंचीच्या, चार सेकंदांच्या लाटेत पृष्ठभागाजवळ हा चढ सेकंदाला जवळजवळ ८० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि पाऊण मीटर खोलीवरही तो फारसा घटत नाही, त्यामुळे खांब लांब केल्याने सुटका होत नाही. होडी उताराला समांतर पडलेली असते तोवर काही बिघडत नाही, कारण पाणीही त्याच दिशेने येत असते. पण सर्फस्की सहा मीटर लांब असते आणि या लाटेची लांबी सुमारे २५ मीटर. नाळ पुढच्या लाटेच्या पाठीला टेकून सपाट होऊ लागते, मधला भाग मात्र अजून उतारावरच असतो, आणि पंखाला पाणी खालून तीन-चार अंश अधिक कोनात भिडते. उसळी नेमकी तेव्हा येते. सव्वादोन मीटरच्या फळीवर हा प्रकार जाणवत नाही, म्हणून फळीवाल्यांचे सल्ले सर्फस्कीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

वजनाचा मध्य काढणे

यासाठी वजनाचे दोन घरगुती काटे, फोमचे दोन रुंद ठोकळे, मोजपट्टी, ओळंबा आणि मदतीला एक माणूस हवा. होडी आडव्या पाइपवर तोलून मध्य काढायचा मोह टाळावा. बसलेल्या माणसासह सगळा भार एका रेषेवर आला तर हलक्या होडीचा तळ तडकतो.

फॉइल न लावता होडी दोन ठोकळ्यांवर ठेवावी, ठोकळे काट्यांवर, आणि त्यांच्या मध्यांतील अंतर बरोबर २०० सेंटिमीटर: एक ठोकळा पावलांच्या पुढे, दुसरा आसनाच्या मागे. होडी सपाट आहे हे पाणसळ लावून पाहावे. आता आसनात बसावे, आणि तेही आरामात नव्हे, तर समुद्रात बसतो तसे: गुडघे वाकलेले, टाचा रोवलेल्या, कंबर सरळ, वल्हे पुढे धरलेले, अंगात जॅकेट. माझ्या वेळी मुलगा काटे वाचत होता आणि मी नकळत मागे रेललो की पुढचा आकडा दीड-दोन किलोने उतरतो हे त्यानेच दाखवले. पुढचा काटा ३८, मागचा ५८, बेरीज ९६. पुढच्या आकड्याला अंतराने गुणून बेरजेने भागले की ७९ सेंटिमीटर येतात; म्हणजे वजनाचा मध्य मागच्या ठोकळ्याच्या ७९ सेंटिमीटर पुढे. तिथे होडीच्या कडेवर पेन्सिलीने खूण केली. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

त्यानंतर होडी लाकडी घोड्यांवर उपडी ठेवून फॉइल जोडावे आणि पुढच्या पंखाच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या) रुंदीचा पुढून पहिला चतुर्थांश जिथे येतो तिथून ओळंबा सोडावा. उचल ढोबळमानाने त्या रेषेवर लागू होते. पंखाची टोके मागे वळलेली असतील तर केवळ मधला चतुर्थांश धरू नये, कारण सरासरी रेषा त्याहून थोडी मागे पडते. ओळंब्याची ही रेषा पेन्सिलीच्या खुणेच्या तीन ते सहा सेंटिमीटर मागे यायला हवी. मी चार धरले. आठच्या पुढे गेल्यास मागचे टोक फार उचलले जाते, नाळ लाटेत घुसते आणि सुकाणूही उघडे पडते. म्हणजे एका दुखण्याच्या जागी दुसरे.

मालवणला लहानपणी उलांडीच्या होड्या पाहिल्या होत्या. जाळी भरताना तांडेल ढीग कधी वीतभर पुढे, कधी मागे सरकवायला लावत, आणि मला ते उगाचचे वाटे. चार सेंटिमीटरचे हे गणित जुळवताना त्या सरकवण्याचा अर्थ कळला.

बसवणी आणि तळाची तपासणी

रेषा मागे न्यायची म्हणजे खांब आसनाच्या खाली येतो, आणि तिथेच जागा नाही. मला दोन मार्ग दिसले. ज्या दांड्यावर खांब पुढच्या पंखाच्या अगदी जवळ बसतो असा दांडा मिळाला तर खांब उंचवट्याखालीच ठेवता येतो. हा मार्ग सोपा आणि स्वस्त. मला तसा दांडा मिळाला नाही, म्हणून मी तळाच्या बाहेरून ६० सेंटिमीटर लांबीची कार्बनची जाड पट्टी चिकटवली. लाकडी होडीला कणा असतो, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, तशी ती उंचवट्यापासून आसनाच्या मागपर्यंत जाते, दोन्ही टोकांना आतल्या भरीव फोमच्या ठोकळ्यांवर टेकते, आणि आसनाखालच्या पातळ भागावर भार येऊ देत नाही. खांबाचे रूळ या पट्टीत बसवले आहेत, त्यामुळे फॉइल पुढेमागे सरकवता येते. पायांजवळची पाणी बाहेर ओढणारी झडप खांबाच्या अगदी पुढे किंवा मागे येणार नाही हे आधीच पाहून घ्यावे, नाहीतर ती ओढेनाशी होते.

भाराचा अंदाज नसला की तळ फुटतो. खांब ७० सेंटिमीटरचा असेल आणि आडवे वळताना पंखावर ३०० न्यूटनचा बाजूचा जोर आला, तर मुळाशी २१० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. रुळांमधले अंतर ९ सेंटिमीटर असते, म्हणजे एका बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून सुमारे २३८ किलोची ओढ. सर्फस्कीचा पातळ तळ एकट्याने ती सोसू शकत नाही.

माझ्या पहिल्या बसवणीत खांबाच्या मागे केसासारखी एक रेघ उमटली होती. ती जेलकोटची, म्हणजे केवळ बाहेरच्या लेपाची, असेल म्हणून सोडून दिली. पुढे एका दुपारी नाण्याने तळ वाजवून पाहिला. बाजारात मडके वाजवून घेतात तसा आवाज ऐकायचा. सगळीकडे खणखणीत, आणि त्या रेघेभोवती तळहाताएवढ्या भागात बद्द. आतला थर सुटला होता. जिथे बद्द वाजते तिथे रेझिन भरण्यापूर्वी आत शिरलेले पाणी पूर्ण सुकू द्यावे लागते, आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर नाणे घेऊन तळ वाजवावा. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे किंवा टायटॅनियमचे घ्यावेत, आणि खांब ॲल्युमिनियमचा असेल तर जोडाला गंजरोधक पेस्ट लावल्याशिवाय तो खाऱ्या पाण्यात नेऊ नये, नाहीतर मोसमाच्या शेवटी तो उखडून निघत नाही.

पाचर घालून कोन बदलणे

जागा बरोबर झाल्यावर कोन पाहावा. २१ किलोमीटर वेगाला एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक उचल होऊ नये, असे प्रमाण मी ठरवले. याचा परिणाम असा की १४.४ च्या वेगाला जेमतेम २८ टक्के उचल मिळते आणि सुरुवातीला फॉइल काही करतच नाही असे वाटते. हा भ्रम आहे. लाटेवर ते आपले काम करते. मी १२०० ऐवजी १००० चौरस सेंटिमीटरचा पंख घेतला आणि कोन दोन अंशांनी कमी केला.

कोन कमी करायला खांबाची पट्टी आणि तळ यांच्यामध्ये पाचर घालतात. पाचरीची जाड बाजू नाळेकडे ठेवली की पंख नाक खाली करतो आणि उचल घटते. १९ सेंटिमीटरच्या पट्टीला दोन अंशांसाठी जाड कडा साधारण साडेसहा मिलिमीटर लागते. मात्र त्यामुळे खांबही कलतो आणि ६५-७० सेंटिमीटर खाली असलेला पंख सव्वादोन सेंटिमीटर मागे जातो. म्हणून पाचर घातल्यावर ओळंबा पुन्हा सोडावा आणि फॉइल रुळावर तेवढे पुढे घ्यावे. हे एवढे न केल्यामुळे माझे दोन रविवार वाया गेले होते.

एका वेळी एकच बदल करावा, आणि तोही अर्ध्या अंशाचा किंवा दोन सेंटिमीटरचा. त्याच वाऱ्यात, त्याच टप्प्यावर दोन फेऱ्या माराव्यात आणि घड्याळातील आलेख शेजारी ठेवून पाहावेत. दाते बोथट होऊ लागले की दिशा बरोबर आहे. माझे २१ वरून ९ वर पडणे थांबले. आता वेग २१ वरून १५-१६ पर्यंत उतरतो आणि पुढच्या लाटेवर पुन्हा चढतो.

बदल केल्यावर नवे काय जाणवते

मागचे टोक पूर्वीपेक्षा थोडे हलके राहते, म्हणून सुकाणू एक माप मोठे घ्यावे. होडी बाजूंनी अधिक डुगडुगते, कारण अंशतः उचललेल्या तळाची पाण्याला टेकलेली रुंदी कमी असते. अरुंद होडीवर नुकते बसू लागलेल्याने फॉइलच्या वाटेला जाऊ नये.

होडी उलटल्यावर परत चढणे हा भाग मी फार गांभीर्याने घेतो. नेहमीची सवय अशी असते की आसनाला बिलगून पाय खाली सोडायचे आणि लाथ मारून वर यायचे. फॉइल लावलेल्या होडीत आसनाच्या बरोबर खाली दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर पसरलेला धारदार पंख असतो. होडी सुलटी करतानाही तो पंख पाण्यातून पायांच्या उंचीवर फिरून येतो. म्हणून सुलटी करताना लांब हात करून, शरीर पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे ठेवावे, आसनाच्या अर्धा मीटर मागून छाती होडीवर घ्यावी, आणि मग पुढे सरकत आसनात बसावे. हे उथळ नसलेल्या पण शांत पाण्यात वीस वेळा करून पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ नये. हेल्मेट, जॅकेट, पायाला दोर आणि संपर्काचे साधन हे सगळे असावेच. पाण्यात उतरतानाही कमरेएवढ्या पाण्यापर्यंत होडी चालवत न्यावी लागते. किनाऱ्यावर लाट फुटत असेल त्या दिवशी मी फॉइल घरीच ठेवतो.

वारा १८ नॉटच्या (ताशी सुमारे ३३ किलोमीटरच्या) खाली असेल तेव्हाही मी ते लावत नाही. लांब, निमुळत्या सर्फस्कीचा तळ मुळातच पाण्याला कमी अडतो. संथ पाण्यात खांब आणि पंख यांचे घर्षण त्यात भर घालते आणि लाटेकडून परतफेड मिळत नाही. २५ नॉटच्या पुढे, माथे फुटू लागले की, इतके करूनही एखादी उसळी येते. तशा दिवसांसाठी मी अर्ध्या अंशाची एक जास्तीची पाचर आणि बोल्टांची किल्ली गाडीतच ठेवतो, आणि उतरण्यापूर्वी वाळूवर होडी उपडी करून ती घालतो.